हात लावावा की लावू नये

काका आणि आत्या सख्खे बहीणभाऊ, पण जनावराच्या दुखण्यावरून दोघांचं कधी पटलेलं नाही. काकांनी सांगली जिल्ह्यात बरीच वर्षं ससेपालन केलं. न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींचे पिंजरे त्यांच्या शेडमध्ये होते. आत्या सर्जिकल वॉर्डात सिस्टर होती. आमच्या चिंगीचं, म्हणजे सहा-साडेसहा महिन्यांच्या मादी सशाचं, गर्भाशय आणि बीजकोश काढण्याचं ऑपरेशन झालं, त्या थंडीच्या आठवड्यात दोघंही पुण्याला आमच्याकडे मुक्कामाला होते. त्यांचं बोलणं इथे देते आहे, कारण ससा पाळणाऱ्या बहुतेक घरांत हाच वाद होतो आणि त्यात सशाचा जीव टांगणीला असतो.

काका: धडधाकट जनावराचं पोट उघडायचं आणि मग त्याची सेवा करत बसायचं, हे मला पटत नाही. माझ्या शेडात इतक्या माद्या होत्या, एकीचंही ऑपरेशन केलं नाही.

आत्या: तुझ्या माद्या जगायच्या किती?

काका: वेतं कमी झाली की काढून टाकायचो. दोन-तीन वर्षं.

आत्या: मग जो रोग त्यानंतर येतो, तो तुला दिसणार कसा?

काका यावर गप्प बसले नाहीत, पण मुद्दा आत्याचा होता. घरात नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. ऑपरेशन न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण झपाट्याने वाढतं; काही जातींच्या चार वर्षांपुढच्या माद्यांमध्ये ते निम्म्याहून जास्त आढळलेलं आहे. तो हळूहळू वाढतो आणि पुढे फुप्फुसांत उतरतो. लघवीतून रक्त जाणं ही त्याची मोठी खूण, पण सशाची लघवी पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे एरवीही कधी कधी लालसर होते, त्यामुळे घरच्यांना ती खूण ओळखू येत नाही. खोट्या गाभणपणाचा त्रास वेगळाच. नर जवळ नसतानाही मादी छातीचे केस उपटून घरटं करते, चिडते, अंगावर येते. पंधरा-वीस दिवसांनी ते ओसरतं आणि पुन्हा होतं.

काका: बरं, रोग मान्य. पण भुलीत ससा दगावतो, हे मी ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे.

आत्या: भूल माणसालाही धोक्याचीच असते.

काका: माणसाइतकी नाही. कुत्र्याइतकीही नाही. सशाला जास्त.

इथे काका बरोबर होते. ब्रिटनमध्ये भुलीतल्या मृत्यूंचा एक मोठा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात कुत्र्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण 0.17 टक्के, मांजरांमध्ये 0.24 टक्के आणि सशांमध्ये 1.39 टक्के निघालं. निरोगी सशांपुरतं पाहिलं तरी ते 0.73 टक्के होतं. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: दगावलेल्या सशांपैकी बहुतेक, म्हणजे 64 टक्के, टेबलावर नव्हे तर ऑपरेशन संपल्यानंतर गेले. डॉक्टरांचं काम झाल्यावर आणि ससा डोळे उघडून बसल्यावर. हा आकडा वाचल्यापासून मी ऑपरेशनपेक्षा त्यानंतरच्या दोन दिवसांना जास्त घाबरते आणि त्याच दोन दिवसांची तयारी जास्त करते.

तयारीची सुरुवात आदल्या रात्री झाली आणि तिथे आत्या अडखळली. तिच्या लेखी ऑपरेशन म्हणजे रात्रीपासून पोट रिकामं.

आत्या: डॉक्टरांनी सकाळीसुद्धा गवत खाऊ दे म्हणून सांगितलंय? भूल देताना उलटी झाली तर?

काका: ताई, ससा उलटी करूच शकत नाही. त्याच्या पोटाची रचनाच तशी नाही. आणि त्याचं पोट कधी रिकामं ठेवायचं नसतं. माझ्या शेडात गव्हाण रिकामी राहिली तर मला झोप लागायची नाही.

आत्या: मग कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात ते?

काका: ते कुत्र्या-मांजरांचं झालं.

आत्याने ते लगेच मान्य केलं. वॉर्डात काम केलेली माणसं कारण पटलं की हट्ट धरत नाहीत. भूल देण्याआधी तोंडात चारा राहू नये म्हणून दवाखान्यात थोडा वेळ खाणं बाजूला ठेवतात, इतकंच.

संध्याकाळी चिंगी घरी आली. पोटावरचे केस काढलेले, खालची कातडी गुलाबी, मध्ये बोटाच्या दोन पेरांएवढी चीर. टाके कातडीच्या आत घातलेले असल्यामुळे बाहेर धागा दिसत नव्हता. कान हाताला गार लागत होते. सशाचं अंग एरवी साडेअडतीस ते चाळीस अंश सेल्सिअस असतं, भुलीने ते उतरतं आणि लहान जीव लवकर गार पडतो. काकांनी शेडातल्या पिल्लांना लावायचे तसा पिवळा बल्ब लावायचं ठरवलं. आत्याने गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून आणली. मी पिशवी घेतली आणि ती बिछान्याच्या एकाच बाजूला ठेवली. भुलीतून धड बाहेर न आलेल्या जनावराला उकडलं तर सरकता आलं पाहिजे. बल्बखाली त्याला तशी सोय नसते आणि ससा उष्णता अजिबात सोसत नाही. थोड्या वेळाने ती पिशवीपासून वीतभर लांब जाऊन बसली आणि कान कोमट झाले.

मग खरा वाद सुरू झाला.

काका: आता दिवा घालवा, दार ओढून घ्या आणि सकाळपर्यंत कुणी आत जाऊ नका. जनावर कोपऱ्यात गप्प बसूनच बरं होतं. रानातला ससा कुत्र्याच्या तोंडून सुटला तर झुडपात बसून राहतो. त्याला कोण औषध पाजतं?

आत्या: आणि त्यातले किती सकाळ बघतात, हे कुणी मोजलंय का?

काका: निसर्गाचं काही आहेच की.

आत्या: निसर्गात जो बरा होत नाही, त्याला कोल्हा उचलून नेतो. तो तुझ्या हिशेबातच येत नाही. मागे उरतो तो बरा झालेला, तेवढाच तुला दिसतो.

यात मी एक भर घालते. आपल्या माळावरचा ससा आणि घरातला ससा ही मुळात वेगळी जनावरं आहेत. माळावरच्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात, उघड्यावर वाढतात आणि तो वन्यप्राणी असल्यामुळे कायद्याने घरात पाळताही येत नाही. घरातला ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचा वंशज आहे. त्याची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. एकाच्या धडधाकटपणावरून दुसऱ्याची परीक्षा करू नये. दोघांमध्ये सारखी गोष्ट एकच: दोघंही शिकार होणारे जीव आहेत. दुखणं दाखवेल तो आधी मारला जाईल, हे त्यांच्या हाडात मुरलेलं आहे. म्हणून ससा ओरडत नाही, विव्हळत नाही. तो गप्प बसतो, आणि आपण म्हणतो, झोपलाय.

आत्या: बघ तिच्याकडे. ही झोप नाही. माझे पेशंट असे बसले की मी त्यांना विचारायचे, सिस्टरपासून काय लपवताय?

काका: तिचा चेहरा तुला कळतो?

आत्या: नीट बघितलं तर तुलाही कळेल.

सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत संशोधकांनी 2012 मध्ये मांडली. त्यात पाच गोष्टी पाहतात: डोळे किती मिटलेत, गाल आत ओढलेत का, नाकपुड्यांचा आकार कसा झालाय, मिशा ताठ आहेत का आणि कान कुठल्या बाजूला वळलेत. चिंगीचे डोळे अर्धे मिटलेले होते, एरवीचे गोबरे गाल चपटे झाले होते आणि कान एकमेकांना चिकटून पाठीवर पडले होते. पोट जमिनीला दाबून, पाठ वर काढून ती बसली होती. दात खाण्याचा करकर आवाज दोन हात लांबून ऐकू येत होता. लाडात आलेला ससाही दात घासतो, पण तो आवाज बारीक असतो, हनुवटीला बोट लावलं तर जाणवतो. त्या रात्रीचा आवाज तो नव्हता.

काका: थोडं दुखू दे. दुखलं की हलणार नाही, उड्या मारणार नाही, टाके शाबूत राहतील. औषधाने दुखणं मारलं तर ही सोफ्यावर चढेल.

हे बोलणं अडाणीपणाचं नाही. पुष्कळ जुनी जाणती माणसं असंच सांगतात आणि बैलाच्या पायाबद्दल ते कदाचित खपूनही जाईल. सशाच्या बाबतीत ते घातक आहे आणि त्याचं कारण त्याच्या आतड्यात आहे. सशाच्या पोटात गवत सतत पुढे सरकत असतं. आंधळं आतडं म्हणून जो मोठा कप्पा आहे, तिथे जिवाणू ते आंबवतात. दुखलं की ससा खाणं थांबवतो. खाणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, आतला माल सुकतो, वायू धरतो, पोट फुगतं आणि त्याने आणखी दुखतं. मग तो आणखी खात नाही. उपासाने यकृतात चरबी साठायला लागते. टाके अगदी सुरेख बसलेले असतात आणि ससा मात्र दोन दिवसांत जातो.

आत्या: म्हणजे वेदनेचं औषध हे हिच्यासाठी लाड नाही, जेवण आहे.

काका: मग द्या. पण किती? हे एवढं? कुत्र्यालाही इतकं देत नाहीत.

मेलॉक्सिकॅम हे वेदनेचं औषध सशाला वजनाच्या मानाने कुत्र्यापेक्षा जास्त लागतं, कारण त्याचं शरीर ते लवकर काढून टाकतं. त्यामुळे डॉक्टरांनी लिहिलेला डोस बघून घाबरून तो निम्मा करणारी माणसं असतात, आणि घरच्या कपाटातली माणसाची गोळी चुरून देणारीही असतात. दोन्ही प्रकार सशाला महागात पडतात. लिहून दिलेलं औषध, लिहिलेल्या मापात, सांगितलेल्या वेळी आणि सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्यावं. दुसऱ्या दिवशी बरी दिसतेय म्हणून थांबवू नये. ती बरी दिसते ती औषधामुळेच.

अँटिबायोटिकचा प्रश्न आत्याने काढला. घरात अमॉक्सिसिलिन होतं आणि तिला ते माणसांच्या ओळखीचं औषध वाटत होतं. काकांनी हात वर करून तिला थांबवलं. शेजारच्या शेडात शेळीचं अँटिबायोटिक सशांना पाजल्यावर जुलाब लागून पिंजरेच्या पिंजरे रिकामे झालेले त्यांनी पाहिले होते. पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं की आंधळ्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू वाढतात आणि ससा वाचत नाही. सशाला चालणारी अँटिबायोटिकं वेगळी आहेत आणि ती ससे पाहणारा डॉक्टरच देऊ शकतो.

औषध गेल्यावर तासाभराने आम्ही समोर ताटली ठेवली: कोथिंबीर, शेपू, पुदिना, गच्चीतल्या कुंडीतली हरळी आणि शेजारी टिमोथी गवताचा ढीग. शेपू काकांनी सुचवला होता. वास उग्र असल्यामुळे रुसलेल्या सशाचं नाक आधी तिकडे वळतं, असा त्यांचा अनुभव. चिंगीने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

काका: ठेव तिथेच. भूक लागली की खाईल.

आत्या: आणि नाही लागली तर?

काका: सकाळी बघू.

आत्या: सकाळी नाही. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर डॉक्टरांना फोन, असं लिहून दिलंय. दवाखान्यातून निघाल्यापासूनचे तास मोज.

काका: तू तिच्या तोंडात बळजबरीने सिरिंज घालणार. ती घाबरेल, धडपडेल, तिच्याच लाथेने तिचं कंबरडं मोडेल. मी असा ससा बघितलाय.

या ठिकाणी मी काकांचं ऐकलं आणि आत्याचंही. सशाचे मागचे पाय दांडगे आणि कणा नाजूक, त्यामुळे हवेत पाय झाडले तर पाठ मोडते, हे खरं. म्हणून तिला उचललं नाही. आम्हीच जमिनीवर बसलो. टॉवेलमध्ये सैल गुंडाळून, पाय टेकलेले ठेवून, आत्याने गुडघ्यांच्या मध्ये तिला धरलं. डॉक्टरांनी दिलेली गवताची पूड कोमट पाण्यात कालवून सिरिंजमध्ये भरली. सशाचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. सिरिंजचं टोक तिथून बाजूने आत सरकवायचं, समोरून नाही. एका वेळी अर्धा-एक मिलिलिटर, मग थांबायचं. ती चावते, गिळते, तेव्हाच पुढचं. मान वर करायची नाही, नाहीतर ते श्वासनलिकेत जातं. भुलीची गुंगी पुरती उतरली नसेल तर भरवायचंच नाही, आणि पोट टणक फुगलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. पहिल्या घासाला चिंगीने डोकं झटकलं. तिसऱ्या-चौथ्याला ती स्वतःच जीभ बाहेर काढून चाटायला लागली. आत्याच्या हाताने मी माणसांना भरवलेलं पाहिलं आहे. हा हात तोच होता, फक्त आणखी सावकाश.

त्यानंतर मात्र काकांचं राज्य. कुणी बोललं नाही, कुणी डोकावलं नाही, मोबाइलचा दिवासुद्धा लावला नाही. दुसऱ्या खोलीतून कान देऊन बसणं एवढंच काम उरलं. भीतीनेही आतडं थांबतं, म्हणून दर पाच मिनिटांनी कुरवाळायला जाणाऱ्या प्रेमळ माणसांनी सशाचं फार नुकसान केलेलं आहे.

सकाळी काका वर्तमानपत्र पसरून बसले. त्यावर चिंगीच्या रात्रीच्या लेंड्या. त्यांनी एक-एक लेंडी बोटांनी वेगळी केली, आकाराप्रमाणे लावली आणि दोन-तीन चुरून पाहिल्या.

काका: या सुरुवातीच्या. बारीक, काळ्या, दगडासारख्या. या थांबलेल्या पोटाच्या. आता या बघ, पहाटेच्या. अजून लहानच आहेत, पण चुरल्या की आत गवताचा धागा दिसतो. ताई, ही पास झाली.

आत्या: तू रात्री उठला होतास?

काका: कागद बदलायला. जुन्या-नव्या लेंड्या एकत्र झाल्या तर काय कळणार?

मला वाटतं, आजारी सशाच्या घरात याहून मोलाचं काम नाही. लाकडाचा भुसा आणि धुळीची लिटर काढून टाकून ट्रेमध्ये कोरा कागद घालायचा. जखमेत कण जात नाहीत आणि लेंड्याही मोजता येतात. चोवीस तासांत एकही लेंडी पडली नाही तर गाठ डॉक्टरांशी. पहिले काही दिवस त्या लहान, वेड्यावाकड्या असतात. रोज थोड्या मोठ्या, फिकट, गोल होत गेल्या पाहिजेत.

दवाखान्याने कुत्र्यांना घालतात तसली प्लास्टिकची गळपट्टी बरोबर दिली होती. जखम चाटू नये म्हणून आत्याला ती हवी होती. काका उठून उभे राहिले.

काका: ही घातली तर ती आपली मऊ लेंडी खाणार कशी?

आत्या: शी! ती खाऊच नये.

काका: ती खाल्लीच पाहिजे. शेडात ज्याने खाल्ली नाही तो ससा वाळला.

आंधळ्या आतड्यात तयार होणाऱ्या मऊ, चकाकणाऱ्या, द्राक्षांच्या लहान घडासारख्या चिकटलेल्या लेंड्या ससा थेट गुदद्वाराजवळ तोंड नेऊन खातो. त्यांत प्रथिनं आणि जीवनसत्त्वं असतात. गळपट्टीने ते बंद पडतं, गवत खाणं अवघड होतं आणि मान अडकल्याने ससा घाबरतो. तिने जखमेकडे तोंड नेलंच तर घालायला म्हणून आत्याने तान्ह्या बाळाचं जुनं झबलं कापून ठेवलं होतं, चार पाय बाहेर राहतील आणि शेपटीकडची बाजू मोकळी राहील असं. ते घालायची वेळ आली नाही. वेदना आटोक्यात असली की बहुतेक ससे टाक्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत.

पुढचे दिवस सोपे गेले. लहान कठड्यात, घसरू नये म्हणून फरशीवर सतरंजी घालून तिला ठेवलं, उडी मारता येईल असं काही आत ठेवलं नाही. दिवसातून दोनदा जखम पाहिली. कडेला किंचित लाली आणि आतल्या टाक्यांची बारीक गाठ चालते. सूज वाढली, पाणी आलं, वास आला, कातडी उघडली तर थांबायचं नाही. खाऊन उरलेलं गवत काकांनी रोज तोललं. गाजर आणि गोड फळं बंद ठेवली, बिस्किटं तर कधीच नव्हती. घरात ऑपरेशन झालेला जोडीदार ससा असता तर त्याला जाळीपलीकडे, वास येईल इतक्या जवळ ठेवलं असतं, कारण एकटेपणानेही सशाचं खाणं तुटतं. जोडीदार नर असेल आणि त्याचं ऑपरेशन झालेलं नसेल, तर जखम भरेपर्यंत जाळी उघडायची नाही. नराचं ऑपरेशन नुकतंच झालं असलं तरी चार ते सहा आठवडे तो इतर माद्यांना गाभण करू शकतो, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

गावी निघण्याच्या आदल्या दिवशी काकांनी विषय पुन्हा काढला.

काका: मी असतो तर ऑपरेशन केलं नसतं, हे माझं अजून म्हणणं आहे. पण एक विचारतो. शेडात पाय मोडलेले, दात वाढून हिरडीत घुसलेले ससे असायचे. त्यांना दुखत असणार?

आत्या: असणारच.

काका: आम्ही खातोय की नाही तेवढंच बघायचो. खात नाही म्हटलं की तो गेला असं धरायचं. का खात नाही, हे कुणी विचारलं नाही.

आत्या: आता विचार. गावात अजून चार घरांत ससे आहेत म्हणतोस ना?

काका: मग लिहून दे. औषध किती द्यायचं ते.

आत्या: औषध मी लिहिणार नाही, ते डॉक्टर वजन बघून लिहितील. खुणा लिहून देते. डोळे, गाल, कान, दातांचा आवाज, लेंड्या, शेवटचं खाल्लं ती वेळ. आणि तालुक्याच्या दवाखान्यात आत्ताच, कुणी आजारी नसताना, जाऊन विचारून ठेव, ससे बघतात का आणि भुलीनंतर वेदनेचं औषध घरी देतात का. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा म्हणाले, तर दुसरा डॉक्टर शोध.